सॉफ्टवेअर रास्टरायझर: वेगाच्या आधी सामाईक कड

ग्राफिक्स कार्डाची मदत न घेता प्रत्येक पिक्सेल प्रोसेसरवर रंगवणारा हा रास्टरायझर, म्हणजे दृश्यातले त्रिकोण पिक्सेलमध्ये बदलणारा रेंडरर, आता टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) लावलेलं, डेप्थ बफर (प्रत्येक पिक्सेलची खोली साठवणारी जागा) वापरणारं दृश्य नीट दाखवतो. थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा) आणि सिमडचं (एकाच आदेशात अनेक आकड्यांवर गणित) काम मुद्दाम मागे ठेवलं आहे. दोन त्रिकोणांमधली सामाईक कड बिनचूक होत नाही तोवर वेग वाढवण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे, कारण तिथली चूक नंतर आठ पिक्सेल एकदम मोजणाऱ्या कोडमध्ये शोधणं फार जड जातं.

पिक्सेल त्रिकोणाच्या आत आहे का, हे ठरवायला हुआन पिनेडाने १९८८ साली मांडलेली एज फंक्शनची पद्धत वापरली आहे. अ पासून ब पर्यंतची कड घ्यायची. कडेचा एक्समधला फरक गुणिले बिंदूचा अ पासूनचा वायमधला फरक, यातून कडेचा वायमधला फरक गुणिले बिंदूचा अ पासूनचा एक्समधला फरक वजा करायचा. स्क्रीनवर वाय खाली वाढतो आणि शिरोबिंदू घड्याळाच्या दिशेने घेतले, तर आतल्या बिंदूला तिन्ही कडांची उत्तरं धन येतात. तपासायचा तो पिक्सेलचा मध्य, म्हणजे ०.५ मिळवून. तो विसरला की सगळं चित्र अर्ध्या पिक्सेलने सरकतं आणि टेक्स्चर विनाकारण धूसर दिसतं.

हेच गणित फ्लोटमध्ये (अंदाजे साठवल्या जाणाऱ्या दशांश आकड्यांत) केलं की कडांवर काळे ठिपके चमकू लागतात. शेजारचे दोन त्रिकोण तीच कड उलट्या दिशेने मोजतात, सुरुवातीचा बिंदू वेगळा असतो, आणि शेवटच्या बिटमधलं राउंडिंग जुळत नाही. मग एखादा पिक्सेल दोघांच्याही बाहेर पडतो. म्हणून शिरोबिंदू आधी पिक्सेलच्या १/१६ भागावर बसवायचे (२८ बिट पूर्णांक, ४ बिट अपूर्णांक) आणि पुढचं सगळं इंटिजरमध्ये (पूर्णांकांत) करायचं. तिथे उलट्या कडेचं उत्तर नेमकं उलट्या चिन्हाचं येतं, एका बिटचाही फरक पडत नाही. क्षेत्रफळसुद्धा बसवलेल्या शिरोबिंदूंवरूनच काढायचं. ते शून्य आलं तर त्रिकोण तिथेच सोडून द्यायचा, नाहीतर पुढे शून्याने भागाकार होतो. अपूर्णांकाला ८ बिट दिले तर ४०९६ पिक्सेल रुंदीवर फरक २^२० पर्यंत आणि गुणाकार २^४० पर्यंत जातो. ३२ बिटमध्ये तो मावत नाही, ६४ बिटच लागतात.

आता नेमका कडेवर पडणारा पिक्सेल कोणाचा? ४×४ पिक्सेलचा चौकोन घेऊन (४,०) ते (०,४) या कर्णाने दोन त्रिकोण करा. कर्णावरच्या चारही पिक्सेलचे मध्य नेमके कडेवर येतात. (३,०) या पिक्सेलचा मध्य १/१६ च्या एककात (५६,८), कड (६४,०) पासून (०,६४) पर्यंत: −६४×८ उणे ६४×(−८), म्हणजे −५१२ + ५१२ = ०. शून्य चालतं असं धरलं तर हे चार पिक्सेल दोनदा रंगतात, चालत नाही असं धरलं तर एकदाही नाही. यावर टॉप-लेफ्ट नियम लावायचा: कड वर जाणारी असेल (वायमधला फरक ऋण), किंवा आडवी आणि उजवीकडे जाणारी असेल, तर शून्य आत, बाकी कडांच्या उत्तरातून १ वजा. वरच्या त्रिकोणाला हा कर्ण खाली उतरणारा, म्हणून शून्याचं −१ होतं आणि पिक्सेल बाहेर. खालच्या त्रिकोणाला तोच वर जाणारा, म्हणून आत. हा वजा केलेला १ फक्त आत-बाहेर ठरवण्यापुरता. बॅरिसेंट्रिक वेट्स (बिंदूवर प्रत्येक शिरोबिंदूचा किती वाटा, ते आकडे) काढताना तो परत मिळवायचा.

डोळ्यांनी पाहून यातलं काही सिद्ध होत नाही, म्हणून चाचणी लिहिली आहे. २५६×२५६ चा बफर, त्यावर १६ पिक्सेलचे चौकोन, आतले शिरोबिंदू दोन्ही दिशांना ३ पिक्सेलांपर्यंत इकडेतिकडे हलवलेले, बाहेरची चौकट स्थिर. ४ पिक्सेलच्या पुढे गेलं तर त्रिकोण उलटू शकतात. रंगाऐवजी प्रत्येक पिक्सेलमध्ये १ मिळवायचा. शेवटी ६५,५३६ च्या ६५,५३६ पिक्सेलमध्ये १ च हवा. नुसती बेरीज तपासू नका. एक ० आणि एक २ एकमेकांना झाकतात.

टेक्स्चरसाठी यू आणि व्ही (टेक्स्चरवरची जागा सांगणारे आकडे) थेट इंटरपोलेट करून (शिरोबिंदूंच्या किमतींवरून मधल्या किमती सरळ प्रमाणात काढून) चालत नाही. एका टोकाला डब्ल्यू (कॅमेऱ्यापासूनची खोली) १, यू ० आणि दुसऱ्या टोकाला डब्ल्यू ३, यू १ असेल, तर स्क्रीनवरच्या मध्यावर यू/डब्ल्यू १/६ आणि १/डब्ल्यू २/३ येतो, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की खरा यू ०.२५. सरळ सरासरी ०.५ सांगते. पहिल्या प्लेस्टेशनवर भिंती आणि फरशा वाकड्या दिसायच्या त्या याच कारणाने.

निअर प्लेनची (कॅमेऱ्यासमोरच्या सर्वात जवळच्या सीमेची) कापणी डब्ल्यूने भागण्याआधीच हवी. कॅमेऱ्यामागच्या शिरोबिंदूचा डब्ल्यू ऋण असतो आणि भागाकारानंतर तो स्क्रीनवर भलतीकडेच उगवतो. एका प्लेनने कापल्यावर ३ किंवा ४ शिरोबिंदू उरतात, म्हणजे जास्तीत जास्त दोन त्रिकोण. इथेही सामाईक कड त्रास देते: एका त्रिकोणाने छेदबिंदू आतून बाहेर आणि दुसऱ्याने बाहेरून आत मोजला, तर शेवटचा बिट वेगळा येऊन फट पडू शकते. म्हणून कड कुठल्याही दिशेने आली तरी मोजणी नेहमी आतल्या शिरोबिंदूपासूनच.

आता वेगाकडे. १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ३ गिगाहर्ट्झच्या एका कोअरला दर पिक्सेलमागे साधारण २४ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) मिळतात, आणि त्यातच टेक्स्चर वाचायचं आहे. त्यामुळे एका कोअरवर भागणार नाही. स्क्रीनचे ६४×६४ चे तुकडे करायचे, त्रिकोण आधी तुकड्यांत वाटायचे आणि एक तुकडा एकाच थ्रेडला द्यायचा, म्हणजे लिहिताना लॉक (इतर थ्रेडना थांबवणारी कुलपं) लागत नाहीत. अडचण एकच: रंग आणि डेप्थ मिळून असा तुकडा ३२ केबीचा होतो, आणि बऱ्याच प्रोसेसरचा एल-१ डेटा कॅश (कोअरजवळची सर्वात वेगवान, छोटी मेमरी) नेमका तेवढाच असतो, टेक्स्चरला जागाच उरत नाही. ३२×३२ केला तर ८ केबीत काम होतं, पण मोठे त्रिकोण चौपट तुकड्यांत वाटावे लागतात. पहिला प्रयोग ३२ वर करणार, आणि वरची चाचणी प्रत्येक बदलानंतर चालवणार.