डेंग्यूच्या आयजीएम किटसाठी अँटिजेन निवडताना

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या डायग्नॉस्टिक कंपनीत मी आर अँड डी सांभाळते. डेंग्यूचं आयजीएम एलायझा किट, म्हणजे संसर्गात आधी येणारी आयजीएम अँटिबॉडी रक्तात शोधणारी चाचणी, काढायचं ठरलं आणि अँटिजेन, म्हणजे ती अँटिबॉडी जिला चिकटते तो विषाणूचा भाग, निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मार्केटिंगचा एकच हट्ट: क्रॉस-रिअ‍ॅक्शन नको, म्हणजे दुसऱ्याच विषाणूच्या अँटिबॉडीने किट पॉझिटिव्ह यायला नको. मग सगळ्यांनी ई प्रोटीनचा (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन) तिसरा डोमेन, म्हणजे भाग, सुचवला. साधारण १०० अमिनो आम्लांचा तुकडा, आत एकच डायसल्फाइड बंध, ई. कोलायमध्ये स्वस्तात निघतो. जेई (जपानी मेंदूज्वर) आणि झिकाशी तो बाकीच्या ई प्रोटीनइतका जुळतही नाही. कागदावर स्थळ उत्तम होतं.

प्लेट लावली. स्टॉप सोल्यूशन टाकलं तेव्हा जेईची लस घेतलेल्यांच्या वेल्स (प्लेटमधले खळगे; पॉझिटिव्ह असतील तर पिवळे होतात) स्वच्छ निघाल्या. पण तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या, पीसीआरने पक्क्या झालेल्या रुग्णांच्या वेल्सही जेमतेम पिवळसर. निगेटिव्ह कंट्रोलच्या शेजारी धरल्या तर फरक ओळखायला डोळे ताणावे लागत.

माणसाच्या अँटिबॉडींमध्ये तिसऱ्या डोमेनच्या वाट्याला थोड्याच येतात. बऱ्याचशा दुसऱ्या डोमेनच्या टोकाला असलेल्या फ्यूजन लूपला चिकटतात, आणि हा लूप सगळ्या फ्लॅव्हिव्हायरसांत (डेंग्यू, जेई, झिका यांचं कुटुंब) जवळजवळ सारखाच. त्यात सुरुवातीच्या आयजीएमची पकड सैल. तिला दहा जागी धरता येतं खरं, पण त्यासाठी प्रोटीन शेजारी-शेजारी मांडलेलं लागतं. सुट्या तुकड्यावर ते कुठून जमणार?

म्हणून व्हीएलपीकडे, म्हणजे विषाणूसारख्या दिसणाऱ्या पोकळ कणांकडे, वळलो. एचईके या मानवी पेशींत पीआरएम आणि ई ही विषाणूची दोन प्रोटीनं एकत्र बनवली की जनुकद्रव्य नसलेले कण आपोआप जुळून माध्यमात येतात. डेंग्यूच्या चारही सेरोटाइपचे (प्रकारांचे) कण घेतले. खर्चाचा आकडा ऐकून अकाउंट्सवाले सर गप्पच झाले. वेलवर मात्र अँटिजेन न लावता मानवी आयजीएम पकडणारी अँटिबॉडी लावली, कण त्यानंतर टाकले. आपल्याकडे दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले पुष्कळ. त्यांच्या रक्तातलं ढीगभर आयजीजी (आधीच्या संसर्गातून उरलेली अँटिबॉडी) अशाने धुऊन जातं. पहिल्या तीन-चार दिवसांसाठी एनएस१ या विषाणूच्या प्रोटीनची वेगळी टेस्ट सोबत दिली, कारण तेव्हा आयजीएम बहुधा आलेलंच नसतं.

फ्यूजन लूपमधली १०६ आणि १०७ क्रमांकाची अमिनो आम्लं बदलूनही पाहिलं. जेईचा सिग्नल पडला, पण डेंग्यूचे काही कमजोर सिग्नलचे नमुनेही हातचे गेले. मला तो सौदा पटला नाही. मूळ लूप ठेवला, इन्सर्टमध्ये (किटसोबतच्या माहितीपत्रकात) जेईबद्दल स्पष्ट इशारा छापला.

आता मार्केटिंगला किट गोरखपूरकडे पाठवायचंय, जिथे जेई आहेच. तिथल्या नमुन्यांवर बदललेला लूप पुन्हा लावून बघतेय.