तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह शिकायला अख्खा हंगाम कशाला?

शेतीसाठी उपग्रह आणि सेन्सर कसे वापरायचे, हे आम्ही शिकवतो. वरचा प्रश्न बहुतेक वेळा पालक विचारतात. कधी आमच्याकडे मुलं पाठवणारे साखर कारखान्यांचे शेती अधिकारीही विचारतात. "सॉफ्टवेअर तीन आठवड्यांत शिकून होतं, उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, मग कृषी पदवी घेतलेल्या मुलांना हंगामभर रानात का फिरवता?"

प्रश्न रास्त आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये. तेव्हापासून आपल्या कुठल्याही शेताचं चित्र साधारण दर पाच दिवसांनी कुणालाही विनामूल्य मिळतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा १९७२ पासूनचा चित्रांचा साठा २००८ मध्ये खुला झाला. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते. त्यामुळे हुशार मुलगी पहिल्याच आठवड्यात हिरवा-पिवळा-लाल नकाशा काढून दाखवते आणि घरच्यांना वाटतं, झालं की शिकून. आमचं शिकवणं खरं तर तिथून सुरू होतं.

सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच. हा योगायोग मला फार आवडतो, कारण पडद्यावरचा ठिपका मुलांना पहिल्याच दिवशी पायांनी मोजायला लावता येतो. एकरात असे चाळीस ठिपके. पण उपग्रहाची जाळी आपल्या बांधाला धरून आखलेली नसते. कडेच्या ठिपक्यांत बांध येतो, शेजाऱ्याचा ऊस येतो, विहीर, वाट, कडुनिंबाची सावली येते. चौरस एकरात निखळ आपले म्हणावेत असे पंचवीस-तीसच उरतात. आणि वाटण्या होऊन राहिलेली वीस मीटर रुंदीची लांब पट्टी असेल, तर एखादी रांग. सॉफ्टवेअर मात्र सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढून बिनदिक्कत आकडा देतं. तो आकडा या शेतकऱ्याच्या पिकाचा आहे की दोन भावांच्या पिकांचा मिळून, हे बांधावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

आता तो आकडा कशाचा, ते सांगते. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. पीक लहान असताना तो फार उपयोगी पडतो. उसाची पानं एकमेकांत गुंतून सरी झाकली गेली, की तो वर जाऊन थबकतो. पुढचे कित्येक महिने ऊस कांड्यावर कांडी टाकत राहतो आणि आलेखाची रेघ जवळपास सपाट. ज्या मुलाने मोठी बांधणी (उसाच्या बुडाला मातीची भर देणं) झाल्यानंतर त्या रानात जाऊन कांड्या मोजलेल्या नाहीत, तो त्या सपाट रेघेकडे बघून 'वाढ थांबली' असा अहवाल लिहून मोकळा होईल. लाल आणि निकट-अवरक्त यांच्यामधले पट्टे वापरले तर दाट पिकातला फरक बरा कळतो, पण त्यांचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. लहान रानात ते परवडत नाही. कुठे काय सोडायचं आणि काय धरायचं हे पीक बघूनच ठरतं.

त्यात आपला पावसाळा. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन ऑक्टोबर उजाडेपर्यंत काढणीला येतं. त्याचं सगळं आयुष्य ढगांखाली जातं आणि सेंटिनेल-२ ची फेरी नेमकी सकाळी साडेदहाच्या सुमाराची. मग सेंटिनेल-१ च्या रडारकडे वळावं लागतं. त्याला ढग आडवे येत नाहीत, पण त्याला हिरवेपणाही दिसत नाही. त्याला पिकाची ठेवण दिसते आणि पाण्याचा अंश जाणवतो. रात्री पाऊस झाला तर ओल्या मातीनेही संकेत वाढतो आणि पीक भरलं तरी वाढतो. यातलं कुठलं काय, हे शिकण्याचा मला ठाऊक असलेला एकच मार्ग आहे: फेरीच्या दिवशी रानात जायचं, पिकाची उंची आणि मातीची ओल वहीत लिहायची आणि संध्याकाळी रडारच्या आकड्याशेजारी मांडायची. हे हंगामभर करावं लागतं, कारण पीक तेवढा वेळ घेतं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या शिरोळ, मिरज, वाळवा या भागात मुलांना नेण्यामागे वेगळं कारण आहे. शाश्वत शेती न केल्याचं मोल तिथे जमिनीवर पांढरं फुटलेलं दिसतं. खोल काळी माती, निचरा कमी, नदीचं मुबलक पाणी आणि वर्षानुवर्षं उसाला पाटाने पाजणं. भूजल वर चढत जातं, मातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. मग आधी उगवण विरळ होते, नंतर रान पडीक. शिरोळमध्ये जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून असं रान पुन्हा पिकाखाली आणण्याचं मोठं काम झालं आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते खर्चाचं काम. पाणी मोजून देणं त्याआधीचं.

अशाच एका रानाचा नकाशा एका विद्यार्थ्याने काढला. मधे पिवळा पट्टा. पीक तहानलेलं आहे, ठिबकची वेळ वाढवावी, असं त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ दिली. दोन फुटांवर माती चिखलासारखी ओली, मुळं काळवंडलेली. त्याचा सल्ला पाळला गेला असता तर तो पट्टा आणखी रुंदावला असता. उपग्रह 'कुठे' ते सांगतो. 'का' ते सांगत नाही. पिवळेपणा मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचाही असतो, नत्राच्या कमतरतेचाही, चुनखडीच्या रानात लोहाच्या कमतरतेचाही. वरून तो सारखाच दिसतो. भारतात दूरसंवेदनाची, म्हणजे वरून चित्रं घेऊन जमिनीवरचं ओळखण्याची, सुरुवात १९७० च्या सुमारास झाली, ती केरळात नारळाच्या बागांवर पडलेला रोग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपून. शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटींच्या त्या प्रयोगातही वरचं चित्र खालच्या झाडाशी जोडावंच लागलं होतं.

मातीत रोवायच्या सेन्सरचंही तसंच. ओलाव्याचे बहुतेक सेन्सर विद्युत गुणधर्म मोजतात: पाण्याचा परावैद्युतांक (विद्युत क्षेत्राला प्रतिसाद देण्याचं माप) ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच, म्हणून फरक चटकन कळतो. कारखान्यातून येताना सेन्सरला एका ठरावीक मातीचं गणित शिकवलेलं असतं. आपली चिकण काळी माती त्या गणितात बसतेच असं नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, सेन्सरची दांडी आणि माती यांच्यात हवा शिरते आणि आकडा एकदम कोसळतो. रान कोरडं पडलेलं नसतं, सेन्सरचा मातीशी संबंध सुटलेला असतो.

म्हणून आम्ही टक्केवारीच्या मागे लागत नाही. पाणी दिल्यावर रान वाफशावर आलं, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती ओलसर पण मोकळी झाली, की त्या घटकेचा आकडा लिहायचा, तीच ओलाव्याची वरची मर्यादा. वाफसा आला हे ठरवणार शेतकरी, मुठीत माती दाबून. मागे एक आजोबा आमच्या विद्यार्थिनीला म्हणाले, "पोरी, मशीन काय म्हणतंय ते मागनं सांग, आधी ही माती धर." तिने धरली, आकडा लिहिला आणि त्या रानात पुढे तोच आकडा प्रमाण राहिला. दुसरा सेन्सर दोन फुटांवर. पाणी दिल्यावर तोही चढत असेल तर पाणी मुळांच्या खाली चाललं आहे, पुढच्या पाळीला पाणी कमी वेळ द्यायचं.

काही हजारांत मिळणाऱ्या 'एनपीके सेन्सर'बद्दल मी मुलांना स्पष्ट सांगते: यातले बहुतेक मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि त्यावरून नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे अंदाजाने काढून दाखवतात. क्षारपड रानात नुसत्या क्षारांमुळे ते आकडे फुगतात. खताचा निर्णय त्यावर घेऊ नका, मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. विक्रेत्यासमोर उभं राहून हे बोलायची हिंमत येणं मी प्रशिक्षणातलं सर्वांत महत्त्वाचं फळ मानते.

या मुलांना कामं मिळतात. कारखान्यांना तोडणीचं नियोजन हवं असतं, पीक विम्यात २०२३ पासून उत्पादनाच्या अंदाजाला दूरसंवेदनाची जोड द्यायला सुरुवात झाली आहे. विम्यातला चुकीचा आकडा म्हणजे कुणाचीतरी नुकसानभरपाई बुडणं. तीन आठवडेच शिकलेल्या मुलाच्या हाती तो आकडा द्यायला माझं मन तयार होत नाही.

आणि उसाचा पूर्ण हंगाम द्यायला खरोखरच वेळ नसेल, तर मुलाला रब्बीत पाठवा. हरभरा शंभर-एकशेदहा दिवसांत निघतो, आकाश बहुतेक मोकळं असतं, वीसेक चित्रं सहज हाती लागतात. एकच रान धरायचं, शक्यतो घरचं किंवा चुलत्याचं. प्रत्येक फेरीच्या दिवशी तिथे जायचं, फुलोरा कधी आला, घाटे कधी धरले, घाटेअळी कुठल्या कोपऱ्यातून शिरली, पाणी कधी दिलं, सगळं तारीखवार लिहायचं आणि काढणीला खळ्यावर हजर राहून पोती मोजायची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन येऊ द्या त्याला.