तुम्ही विचारलंत म्हणून: हँगर स्ट्रेटवरचं हँगर गेलं कुठे?

मी मिल्टन कीन्सला राहते, त्यामुळे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सिल्वरस्टोनचा मोटार रेसचा ट्रॅक दाखवायचं काम माझ्याकडे. तिथला प्रश्नही ठरलेला: "या सरळ पट्ट्याला हँगर स्ट्रेट म्हणता, मग हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, कुठाय?" परवा मामांनीही हेच विचारलं. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

हँगर होती, कारण हा मुळात लष्करी विमानतळ. 1943 मध्ये सुरू झाला, वेलिंग्टन बॉम्बरवर नवख्या पोरांना तयार करायला. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवायचं असतं आणि वारा काही आपलं ऐकत नाही. म्हणून तीन दिशांना तीन धावपट्ट्या, आणि विमानं त्यांच्या टोकापर्यंत न्यायला सगळ्याला वळसा घालणारा कडेचा रस्ता.

युद्ध संपलं तेव्हा रेसवाल्यांना पळायला जागाच उरली नव्हती. जुन्या ट्रॅकांपैकी ब्रुकलंड्स विमान कारखान्यांनी गिळलेलं, डोनिंग्टनवर लष्करी वाहनांचा तळ. सार्वजनिक रस्ता बंद करून रेस घ्यायची तर पार्लमेंटचा कायदा हवा. आणि गावोगाव धावपट्ट्या ओस पडलेल्या! 1947 मध्ये काही मित्रांनी कुणाला न विचारता इथे गाड्या पळवल्या. एका गाडीखाली मेंढी आली आणि त्या रेसचं नाव पडलं 'मटण ग्रां प्री'.

पुढच्या वर्षी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने जागा भाड्याने घेतली. 2 ऑक्टोबर 1948 च्या त्या रेसचा आराखडा मला फार आवडतो. गाड्या कडेच्या रस्त्यावरून धावपट्टीवर शिरायच्या, मध्यापर्यंत यायच्या आणि तिथून वळायच्या. समोरच्या धावपट्टीवरूनही गाड्या तशाच येणार, म्हणजे दोन्ही बाजू थेट अंगावर! म्हणून मधोमध कापडी पडदे लावले, ड्रायव्हरला समोरची गाडी दिसायलाच नको. हद्द आखायला गवताचे भारे आणि तेलाची पिंपं. मासेरातीवाला व्हिल्लोरेसी जिंकला. 1949 पासून धावपट्ट्या सोडून वळशाचा रस्ता धरला. 13 मे 1950 ला जागतिक अजिंक्यपदाची पहिलीवहिली रेस झाली तीही इथेच. राजे सहावे जॉर्ज हजर होते, जिंकला फरीना.

त्यानंतर ट्रॅक कितीदा बदलला. पण मैदान तेच, सपाट आणि उघडं. विमानांना हवा असलेला वारा आता फॉर्म्युला वनवाल्यांना छळतो. भर वेगातल्या वळणावर मागून झोत आला की गाडी हलकी पडते.

मामा ऐकत होते. सत्तरच्या दशकात ते नोकरीला मद्रासला होते. एकदम म्हणाले, "अगं, म्हणजे आमचं शोलावरमच की हे! तीही युद्धातली धावपट्टीच. मित्राच्या स्कूटरवर डबलसीट जायचो रेसला. सावलीला एक झाड नाही, तापलेलं सिमेंट आणि वर ऊन."

"इथे ऊन नाही," म्हटलं.

"वारा आहे ना," म्हणत त्यांनी कानटोपी हनुवटीपर्यंत ओढली आणि हँगर नसलेल्या हँगर स्ट्रेटचा फोटो काढायला कुंपणाकडे निघाले.