आज नाही, सर

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला नवा स्टाफ मिळून तीन आठवडे झाले. निवड समिती खूश आहे, सराव सुरू झालाय. पण निवडीच्या दिवशीची शेवटची दोन मिनिटं डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलोय.

बाहेरच्यांना वाटतं, संघाला एक कोच असला की झालं. गेली कित्येक वर्षं आम्हीही तसंच भागवत होतो. मी, वेळ मिळेल तेव्हा येणारी एक माजी खेळाडू आणि बर्फाची पिशवी. पण मॅच सुरू झाली की मुख्य कोचचे डोळे चेंडूमागे धावतात, कितीही ठरवलं तरी. चेंडू एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूच्या मुली कुठे उभ्या आहेत, हे बघायला वेगळा माणूस लागतो. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात; हा आकडा बेंचवरून कुणीतरी सतत ओरडून सांगावा लागतो. कुणाचे स्वतःचे चार झालेत, टाइमआउट किती उरलेत, समोरची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच मुलगी, डावीकडे वळते की उजवीकडे, हे सगळं एकट्याच्या डोक्यात मावत नाही. मावेल असं धरून चाललं की चौथ्या क्वार्टरमध्ये घोळ होतो, आणि लोक म्हणतात मुली कच्च्या पडल्या.

या वेळी भांडून जागा मंजूर करून घेतल्या: एक सहायक कोच, एक फिजिओ, एक स्ट्रेंथ कोच आणि आकडेवारीसाठी दोन विद्यार्थी. विद्यार्थ्यांची निवड सोपी गेली. सगळ्यांना एकाच क्वार्टरचा व्हिडिओ दाखवला आणि चेंडू किती वेळा आपल्या ताब्यात आला, त्यातून काय निघालं, ते लिहायला सांगितलं. एका मुलीने दोन नोंदींपुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, कारण पास कुणाच्या हाताला लागून बाहेर गेला ते तिला दिसलं नव्हतं. बाकीच्यांनी तिथेही ठोकून लिहिलं होतं. तिला लगेच घेतलं.

सहायक कोचवरून मात्र जुंपली. समितीला नाव हवं होतं. एके काळी गाजलेला खेळाडू अर्ज करतोय म्हटल्यावर मुलाखत तरी कशाला, असा सूर होता. मोठा खेळाडू म्हणजे मोठा शिक्षक, ही समजूत आपल्याकडच्या समित्यांमधून काही केल्या जात नाही. मी त्यांना यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या संघाच्या १९६३-६४ च्या हंगामाची गोष्ट सांगितली. उंचीने लहान संघ, सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही नाही, आणि तीस पैकी तीस मॅचेस जिंकल्या. नाव मुख्य कोच जॉन वुडनचं झालं, ते योग्यच होतं. पण ज्या २-२-१ झोन प्रेसने, म्हणजे कोर्टभर अडवून धरणाऱ्या बचावाने, समोरच्यांची दमछाक केली, तो वापरावा म्हणून वुडनच्या मागे लागला होता त्यांचा सहायक, जेरी नॉर्मन. असा मागे लागणारा माणूस मला हवा होता. मुलाखतीत तो ओळखता येत नाही, म्हणून मी कोर्टवर एक दिवस मागून घेतला.

प्रत्येकाला बारा मिनिटं आणि एकच विषय दिला, पिक-अँड-रोलचा बचाव. एक खेळाडू आडवी उभी राहून चेंडूवालीला वाट मोकळी करून देते आणि मग स्वतः बास्केटकडे वळते, ती ही चाल. गाजलेल्या गृहस्थांनी स्विच, हेज, ड्रॉप, बचावाचे तिन्ही प्रकार स्वतः पळून दाखवले. मुली बघतच राहिल्या. देखणं होतं, खोटं का बोलू! दुसरे उमेदवार एका शाळेतले क्रीडाशिक्षक. त्यांनी फक्त ड्रॉप घेतला, म्हणजे सेंटरने मागे सरकून बास्केट राखायची, आणि त्यातही ती कुठवर मागे सरकेल एवढंच. टाचेखाली टेपची पट्टी चिकटवली आणि म्हणाले, "इथून पुढे पाऊल टाकायचं नाही. बोलायचं मात्र तूच, गार्डला मागचं दिसत नाही." बारा मिनिटांत आमची अबोल सेंटर मोठ्याने बोलायला लागली. दोन वर्षं मी तेच करून घ्यायला धडपडत होतो.

दुपारी दोन संघ पाडून मॅच लावली, एकेक बेंच दोघांकडे. फिजिओची उमेदवार कोर्टच्या कडेला उभी होती. प्रेक्षकांत समितीचे लोक होते, पुढच्या वर्षीचे पैसे ज्यांच्या हातात आहेत तेच. दोन मिनिटं दहा सेकंद उरली होती, गुण बरोबरीत. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रं सांभाळणारी मुलगी, बास्केटवरून परतलेला चेंडू घ्यायला उडाली आणि दुसरीच्या पायावर उतरली. घोटा आतल्या बाजूला वळला. बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी दुखापत हीच.

फिजिओ धावली नाही, झपझप चालत गेली. आधी मुलीशी बोलली, मग बूट काढला. तिचा अंगठा कुठे कुठे फिरतोय ते मी जवळून पाहिलं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालून सहा सेंटीमीटरपर्यंत. मग पायाच्या बाहेरच्या कडेला पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं बूड, मग आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर हे हाड. प्रत्येक ठिकाणी दाबून ती पायाकडे नव्हे, मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. शेवटी उभं करून चार पावलं चालायला लावली. एक्स-रे लागेल का, हे ठरवायची ही ओटावा नियमांची पद्धत. मुलगी चालली.

"हाड ठीक आहे ना? मग टेप मारा आणि पाठवा," गाजलेले गृहस्थ पलीकडच्या बेंचवरून म्हणाले. हाड शाबूत म्हणजे खेळायला मोकळी, हा गोंधळ खेळाडूंच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. फिजिओने उत्तर दिलं नाही. मुलीला त्याच पायावर उभं केलं. पाच सेकंदांत ती डगमगली. उडी मारायला सांगितली, तर मारलीच नाही.

तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, "दोनच मिनिटं आहेत, डॉक्टर. टेप करा, खेळू दे तिला."

"आज नाही, सर."

"जबाबदारी माझी."

"घोटा तिचा आहे, सर. एकदा मुरगळलेला पुन्हा लवकर मुरगळतो. मी सही करणार नाही."

आवाज चढला नाही. समितीसमोर, बारा मुलींसमोर, नोकरी मागायला आलेली ती मुलगी मला नाही म्हणाली. तेवढ्यात क्रीडाशिक्षकांनी बदली गार्ड उठवलीसुद्धा. तिच्या खांद्यावर हात ठेवून ते सांगत होते, "टीम फाउल चार झालेत, हात मागे ठेवून अडव." फिजिओचं 'नाही' त्यांनी निकाल म्हणून घेतलं होतं, माझ्या तोंडाकडे न बघता. त्यांची निवड माझ्यापुरती तिथेच झाली.

संध्याकाळी समितीतल्या एकांनी विचारलं, फिजिओशी वाद काय झाला? मी म्हणालो, "वाद नाही, परीक्षा होती. दबावाखाली टिकते का ते बघत होतो." सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या हुशारीचं कौतुकही झालं.

ती परीक्षा नव्हती. मला ती मुलगी खरोखर कोर्टवर हवी होती. सरावाच्या मॅचसाठी, समितीला चांगला शेवट दाखवण्यासाठी.

नेमणुकीच्या कागदात एक कलम मी हट्टाने घालून घेतलं: दुखापतीनंतर खेळवायचं की नाही, याचा शेवटचा शब्द फिजिओचा, आणि ती मला नव्हे, थेट प्राचार्यांना उत्तरदायी. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेतल्या पाच मोठ्या कॉन्फरन्सेसनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, २०१६ मध्ये असाच नियम केला, कोचला वैद्यकीय निर्णय फिरवता येऊ नये म्हणून. समितीला मी तोच दाखला दिला. खरं कारण मी स्वतः होतो, ते नाही सांगितलं.

आता रोज सकाळी ती माझ्या टेबलावर एक कागद ठेवते. तीन रकाने: पूर्ण सराव, अर्धा सराव, नाही. पॉइंट गार्डचं नाव परवा पहिल्यांदा पहिल्या रकान्यात आलं. कागद देताना ती म्हणाली, "सर, मला दुसरीकडूनही बोलावणं होतं. पण त्या दिवशी तुम्ही मुद्दाम परीक्षा घेतलीत हे कळलं, आणि ठरवलं की इथेच यायचं."

मी कागदावरची नावं पुन्हा वाचत राहिलो. शनिवारी पहिली मॅच आहे. त्याआधी तिला खरं सांगायचंय. सुरुवात कुठून करू, ते अजून सुचलेलं नाही.