माझ्याकडे एक आजी आहे

आमचे चिरंजीव इंग्रजी माध्यमात, चौथीत. मराठीचा गृहपाठ त्यांना नेमका रविवारी रात्री जेवणं झाल्यावर आठवतो. परवाचा विषय होता 'माझे कुटुंब', पाच वाक्यं. पठ्ठ्याने पाच मिनिटांत वही मिटली. आई शेजारीच दुसऱ्या दिवशीची गवार मोडत बसली होती. तिने पदराला हात पुसले, वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "माझ्याकडे एक बहीण आहे. माझ्याकडे एक काका आहे. माझ्याकडे एक सायकल आहे. माझ्याकडे कुत्रा नाही. माझ्याकडे एक आजी आहे."

"काका काय डबा आहे का रे, तुझ्याकडे असायला?"

"मग काय लिहू?"

"मला काका आहे, असं लिही. मला बहीण आहे. सायकल नि कुत्रा बरोबर."

"का?"

"असंच म्हणतात," म्हणून आई परत गवारीकडे वळली.

मला मात्र चोर सापडला होता. 'हॅव'. पोराने वाक्यं मनात इंग्रजीत जुळवली होती आणि जिथे जिथे 'आय हॅव' आलं तिथे 'माझ्याकडे' चिकटवून दिलं होतं.

आमच्या वेळी हीच गाडी उलट्या दिशेने धावायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आम्ही त्याआधीचे, आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'हॅव म्हणजे जवळ असणे', आणि आम्ही ते वहीत चौकट करून उतरवलं. आता जवळ 'असणे' म्हटल्यावर ते सतत चालूच असणार, म्हणून मी बेधडक 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं लिहायचो. नोकरीच्या पहिल्या अर्जातसुद्धा 'आय ॲम हॅविंग' होतंच. मालकी, नातं, आजार सांगणाऱ्या 'हॅव'ला आयएनजी लागत नाही. खाणं-पिणं, आंघोळ, मजा असलं काही करत असलो तरच लागतं. त्यामुळे 'आय ॲम हॅविंग टी' हे चोख इंग्रजी, पण 'हॅविंग टू ब्रदर्स' म्हटलं की इंग्रजाच्या कानाला मी दोन भाऊ ताटात वाढून घेतल्यासारखं वाटत असणार. त्या नोकरीचं बोलावणं आलं नाही, हे सांगायला नकोच.

खरी गंमत अशी की मराठीत 'हॅव'ला क्रियापदच नाही. आपलं काम 'असणे'वर भागतं, आणि बाकीचा सगळा भार शब्दाच्या शेपटाला. माणसं असतील तर 'मला': मला बहीण आहे, मला ताप आहे (ताप हाही आपण घरातलाच धरतो). वस्तू असेल तर 'माझ्याकडे'. ती आत्ता खिशात असेल तर 'माझ्याजवळ'. खोलीला दोन खिडक्या, कुत्र्याला शेपूट. धमक मात्र 'त्याच्यात' असते, 'त्याला' नाही. 'शी हॅज अ स्वीट व्हॉइस' म्हणायचं तर 'तिचा आवाज गोड आहे' म्हणून मोकळं व्हायचं. आणि वाण्याच्या दुकानात तर मालकही लागत नाही. "साखर आहे?" "आहे." "सुटे आहेत?" "नाहीत." संपला व्यवहार. इंग्रजीत एवढ्यासाठी दोनदा 'डू यू हॅव' म्हणावं लागतं.

लागतं! ते आणखी एक. 'आय हॅव टू गो' म्हणजे 'मला जावं लागतं'. इथे 'हॅव'चा आणि मालकीचा काडीचा संबंध उरलेला नाही, आणि त्याचा उच्चारही 'हॅफ टू' असा होतो. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं मी 'हॅव्ह टू' असं ठासून म्हणत होतो. 'आय हॅव ईटन'मध्ये तर ते नुसतं भूतकाळाचं ओझं वाहतं, आणि आपण 'जेवलोय' एवढ्यात हात धुतो. 'शी हॅड हर हेअर कट' म्हणजे तिने केस कापून घेतले. तिथे आपण 'घेणे' मदतीला बोलावतो.

ह्या 'हॅव'चं मूळ शोधायला गेलं की ते पकडण्याशी जाऊन भिडतं. लॅटिनमधलं पकडणं, 'कापेरे', हे त्याचं भावंड. कॅप्टिव्ह, कॅप्चर हे शब्द त्या कापेरेच्या घरचे. लॅटिनमध्ये 'हॅव'च्याच अर्थाचं 'हाबेरे' आहे, दिसायलाही जुळं वाटतं, पण त्याचं गोत्र वेगळं. म्हणजे इंग्रज बहीण असो, ताप असो की सायकल, सगळ्यांना एकाच मुठीत धरतो. आपल्याकडे मूठ नाही. रशियन माणसाकडेही नाही, तोही 'माझ्यापाशी आहे' असंच म्हणतो. इंग्रजांच्या शेजारचा आयरिश तर 'माझ्यावर भूक आहे' म्हणतो. हे वाचल्यावर मला आयर्लंडबद्दल एकदम जिव्हाळा वाटायला लागला.

आणि 'कडे'? 'आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात' ह्यातलं 'आमच्याकडे' म्हणजे घर, कूळ, गाव, सगळंच. 'आमच्याकडे अजून पाऊस नाही' ह्यात तर अख्खा तालुका मावतो. माणसासाठी मात्र 'कडे' म्हणजे मुक्काम. 'माझ्याकडे बहीण आहे' हे मराठी वाक्य चुकीचं नाहीच, त्याचा अर्थ निराळा आहे: बहीण बाळंतपणाला आली आहे, किंवा भाऊजींशी भांडून. ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो, "किती दिवस?"

नातेवाईक फोनवर पहिलं काय विचारतात? "आई सध्या कुणाकडे?" आषाढीपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे, भाऊबीज झाली की नाशिकला धाकट्याकडे. वाटणी कोणी बसून केलेली नाही, पण बॅग कधी भरायची हे तिला बरोबर ठाऊक असतं.

एवढं सगळं मी पोराला समजावायला घेतलं, तोवर त्याने खोडरबर काढून काम उरकायला घेतलंही होतं. बहिणीचं वाक्य दुरुस्त झालं, काकाचं झालं. कागद थोडा फाटला. शेवटच्या वाक्यावर रबर टेकवलं तेव्हा आईने गवारीच्या हिरव्या हाताने वही स्वतःकडे ओढली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत बरोबर आहे."