प्लेटवरचे चार ठिपके आणि पिस्कॅटवेच्या विटकिनबाई

न्यू जर्सीत मराठी पाहुणा आला की त्याला एडिसनचा ओक ट्री रोड दाखवला जातोच. ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, चितळ्यांची बाकरवडी सगळं मिळतं आणि पाहुणा खूश होतो. मी मात्र पाहुण्यांना तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर पिस्कॅटवेला घेऊन जाते. तिथे रटगर्स विद्यापीठाच्या बुश कॅम्पसवर वॅक्समन इन्स्टिट्यूट ऑफ मायक्रोबायॉलॉजी ही विटांची इमारत आहे. बाहेरून बघण्यासारखं काही नाही, पण ती ज्या पैशांतून उभी राहिली तो पैसा स्ट्रेप्टोमायसिनचा. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस या जिवाणूपासून हे औषध मिळवलं. क्षयावर गुण देणारं ते पहिलं प्रतिजैविक. त्याच्या रॉयल्टीतून ही संस्था १९५४ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हेच स्ट्रेप्टोमायसिन तयार व्हायचं आणि आजोबांच्या पिढीतल्या किती जणांनी त्याची इंजेक्शनं घेतली असतील, हे आठवलं की पिस्कॅटवे मला परकं वाटत नाही.

पण मी पाहुण्यांना तिथे नेते ते वॅक्समनसाठी नाही, जिवाणूंच्या जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ एव्हलिन विटकिन यांच्यासाठी. २०२१ मध्ये त्यांनी शंभरी गाठली तेव्हा या संस्थेतल्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२३ च्या जुलैमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या. माझी त्यांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. तरीही त्यांना मी मनातल्या मनात विटकिनबाई म्हणते, जसं आपण इरावतीबाई म्हणतो तसं, आणि इथेही तसंच म्हणणार आहे.

मी डीएनएच्या दुरुस्तीवर काम करते. घरी सांगताना हे नेहमी अवघड जातं. परवाच आत्याचा फोन होता. "अगं, इतकी वर्षं झाली तिकडे जाऊन, लागला का मग शोध?" तिला मनापासून हवं असतं की लागावा. मी तिला सांगितलं की आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए रोज मोडत असतो. उन्हाने, किरणोत्साराने तर मोडतोच, पण नुसत्या पाण्यानेही मोडतो. टोमास लिंडाल यांनी हिशेब मांडला होता, तो असा की एका पेशीत दिवसाकाठी साधारण १० हजार ठिकाणी डीएनएचं अक्षर आपोआप गळून पडतं. आणि तरी आपण जगतो, कारण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिनं अखंड कामाला असतात. आत्या म्हणाली, "आणि हे कुणाला कळलं पहिल्यांदा?" हा प्रश्न मला फार आवडला. हा लेख त्याचंच उत्तर आहे.

१९४४ चा उन्हाळा. डीएनएची दुहेरी गोफाची रचना कळायला अजून नऊ वर्षं होती. जनुक डीएनएचं बनलेलं असतं, हे ॲव्हरी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी लिहिलं होतं आणि बहुतेकांना ते पटलेलं नव्हतं. तेवीस वर्षांच्या विटकिनबाई कोलंबिया विद्यापीठात डोबझान्स्की यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. डोबझान्स्की फळमाशीवाले. बाईंनी लुरिया आणि डेलब्रुक यांचा जिवाणूंच्या उत्परिवर्तनांवरचा, म्हणजे जनुकांत होणाऱ्या बदलांवरचा, १९४३ चा निबंध वाचला आणि ठरवलं, आपण जिवाणूंवरच काम करायचं. कोलंबियात ते शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्यांना काम दिलं गेलं ते साधं: ई. कोलाय या जिवाणूच्या बी या वाणावर अतिनील किरण सोडा आणि उत्परिवर्तनं शोधा.

किरण किती वेळ सोडायचे याचा अंदाज नव्हता. डोस भलताच जास्त झाला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर चारच वसाहती, म्हणजे वाचलेल्या जिवाणूंचे चार ठिपके, उगवल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर डोस कमी करून प्रयोग नव्याने लावला असता. बाईंना प्रश्न पडला, की हे चार का वाचले? त्यांनी ते जिवाणू वाढवून पुन्हा अतिनील दिव्याखाली धरले, तर ते पुन्हा वाचले. म्हणजे वाचणं हा नशिबाचा भाग नव्हता, तो गुण त्यांच्या वंशात होता. या वाचलेल्यांतूनच बी/आर हा किरणांना दाद न देणारा वाण मिळाला. १९४६ मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. किरणांपुढे टिकणं हे जनुकांवर ठरतं, हे जिवाणूत प्रथमच दिसलं होतं.

हा प्रयोग आजही एम.एस्सी.च्या मुलांना करायला देतात. जिवाणूंचं द्रावण पातळ करून प्लेटवर पसरायचं, चेहऱ्यावर ढाल चढवायची, झाकण उघडायचं (काच किंवा प्लॅस्टिक अतिनील किरण अडवतं, झाकण विसरलं तर सगळे जिवंत!), दिव्याखाली काही सेकंद धरायचं आणि ३७ अंशांवर अंधारात ठेवून द्यायचं. अंधारात का, याचीही गोष्ट आहे. अल्बर्ट केल्नर कोल्ड स्प्रिंग हार्बरलाच अतिनील किरणांनी मारलेले जिवाणू तपासत होते आणि त्यांची गणतीच जुळेना. शेवटी लक्षात आलं, की नंतर साधा उजेड मिळालेले जिवाणू पुन्हा जगतात. १९४९ मध्ये त्यांनी हे छापलं, आणि त्यांचा जिवाणू होता तोच, पिस्कॅटवेला घर बांधून देणारा स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस. उजेडावर चालणारं फोटोलायेज हे एन्झाइम अतिनील किरणांनी एकमेकांना चिकटलेली डीएनएतली शेजारची दोन थायमिन अक्षरं सोडवतं. म्हणून आमच्या खोलीत आम्ही पिवळा दिवा लावून काम करतो. त्या उजेडात निळा भाग नसतो, त्यामुळे फोटोलायेज गप्प बसतं आणि बाकीच्या दुरुस्त्या किती होतात ते मोजता येतं. पहिल्यांदा त्या पिवळ्या उजेडात उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला होता, हे अगदी खरं सांगते.

बाई कोलंबियाला कशा पोचल्या, तेही सांगायलाच हवं. त्या आधी न्यूयॉर्क विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेत होत्या. १९४० मध्ये तिथल्या फुटबॉल संघातल्या लेनर्ड बेट्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मिसूरीविरुद्धच्या सामन्यातून वगळलं गेलं, कारण समोरच्या संघाला काळा खेळाडू मैदानात नको होता आणि विद्यापीठाने ते निमूट मान्य केलं होतं. मुलं खवळली, निदर्शनं झाली, सह्यांची मोहीम निघाली. १९४१ मध्ये त्यापैकी सात जणांना निलंबित केलं गेलं, आणि एव्हलिन मायझेल त्यांत होत्या. मायझेल हे त्यांचं माहेरचं नाव. बरोबरीच्या मुलांसोबत पदवी मिळाली नाही, तिथे पुढे शिकण्याची सोय होती तीही गेली. म्हणून त्या कोलंबियाला गेल्या. साठ वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच विद्यापीठाने या सातही जणांचा सन्मान केला. बाईंच्या विज्ञानाइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षांच्या मुलीने आपलं पुढचं शिक्षण पणाला लावलं, तेही दुसऱ्याच्या हक्कासाठी.

कोल्ड स्प्रिंग हार्बरला त्यांना बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा शेजार मिळाला. मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत 'उड्या मारणारी जनुकं' शोधणाऱ्या, १९८३ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या त्याच. त्यांचं म्हणणं बहुतेकांच्या डोक्यावरून जायचं, तेव्हा ते ज्यांना कळत होतं अशा मोजक्या लोकांत विटकिनबाई होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसले ती. १९४९ मध्ये बाईंना मुलगा झाला, पुढे आणखी एक. त्या काळात अमेरिकेतही बाळ झाल्यावर बाईने प्रयोगशाळा सोडणं हेच रीतीचं होतं. त्यांच्या संस्थेने त्यांना अर्धवेळ काम करू दिलं. जागा राहिली, जिवाणू राहिले, प्रश्न राहिला. १९५५ पर्यंत त्या तिथे होत्या, मग ब्रुकलिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि १९७१ पासून रटगर्समध्ये. त्यांचं सगळ्यात मोठं काम चाळिशीनंतरचं आहे. मधली ती वर्षं तुटली असती तर ते झालं असतं, असं मला मुळीच वाटत नाही.

ते काम काय होतं? ई. कोलाय बी अतिनील किरणांनी जखमी झाला की त्याचं विभाजन थांबतं. तो नुसता लांबत जातो आणि लांब धागा होऊन मरतो. दुसरीकडे, काही जिवाणूंच्या डीएनएत लॅम्डा नावाचा विषाणू झोपलेला असतो. जिवाणू जखमी झाला की हा जागा होतो, पिल्लं काढतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. वरवर बघता या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. बाईंनी बारकाईने पाहिलं, की ज्या डोसने एक होतं त्याच डोसने दुसरंही होतं, आणि ज्याने एक थांबतं त्याने दुसरंही थांबतं. १९६७ मध्ये त्यांनी लिहिलं, की या दोन्हींवर एकाच प्रकारचा अंकुश असला पाहिजे आणि डीएनए मोडला की तो उठत असला पाहिजे. मग क्रोएशियात जन्मलेल्या मिरोस्लाव्ह राडमन यांनी १९७० मध्ये काही संशोधकांना पत्र पाठवून हीच कल्पना उत्परिवर्तनांपर्यंत नेली आणि तिला एसओएस हे नाव दिलं, बुडत्या जहाजाची हाक. दोघांनी मिळून, एकमेकांना पत्रं लिहीत हा विचार घडवला. १९७६ चा बाईंचा प्रदीर्घ आढावा या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाला वाचावाच लागतो.

यंत्रणा अशी आहे. एरवी लेक्सए नावाचं प्रथिन चाळीसहून अधिक जनुकांना दाबून बसलेलं असतं. डीएनए मोडला की उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए हे प्रथिन रांगेने चढतं. त्या रांगेला भिडलं की लेक्सए स्वतःलाच कापून घेतं आणि दबलेली जनुकं मोकळी होतात. आधी मोडका तुकडा कापून बदलणारी, नीटस दुरुस्ती करणारी प्रथिनं येतात. तेवढ्याने भागलं नाही तर सगळ्यात शेवटी एक विशेष पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल करणारा एन्झाइम, येतो. फाटलेल्या पोथीची नक्कल करणारा जसा न दिसणारं अक्षर अंदाजाने भरून पुढे सरकतो, तसा हा मोडलेल्या जागी जे सुचेल ते अक्षर घालतो. जीव वाचतो, पण मजकूर बदलतो. उत्परिवर्तन म्हणजे किरणांनी थेट केलेली जखम नव्हे, ते बऱ्याचदा पेशीने जीव वाचवण्यासाठी दिलेलं मोल असतं. विटकिनबाईंच्या आधी असा विचार फारसा कुणी केला नव्हता.

आणि त्या चार ठिपक्यांचं कोडंही सुटलं, काही दशकांनी. एसओएसच्या वेळी सुलए हे प्रथिन विभाजन रोखून धरतं, म्हणजे आधी दुरुस्ती, मग विभाजन. काम झालं की लॉन नावाचं एन्झाइम सुलएला नष्ट करतं. ई. कोलाय बी मध्ये लॉनच नाही, म्हणून ब्रेक लागला की सुटतच नाही आणि जिवाणू लांबत लांबत मरतो. बी/आर मध्ये सुलएच बिघडलेलं होतं. ब्रेक लागलाच नाही, म्हणून तो वाचला.

याचा तुमच्या-माझ्या घराशी संबंध फार जवळचा आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. जुलाब झाले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आणून घेणारी माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत. ही गोळी जिवाणूचा डीएनए तोडते, म्हणजेच एसओएस जागं करते. जे जिवाणू मरतात ते मरतात. जे अर्धमेले उरतात त्यांच्यात तो अंदाजाने अक्षरं भरणारा पॉलिमरेज कामाला लागलेला असतो, आणि त्यातून एखादा सिप्रोला न जुमानणारा निघू शकतो. २००५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात लेक्सए कापलंच जाणार नाही अशी तजवीज केली, तेव्हा ई. कोलायला सिप्रोचा प्रतिकार कमवता आला नाही. म्हणून एसओएस रोखणारं औषध प्रतिजैविकाच्या जोडीला द्यावं, यावर आता अनेक ठिकाणी काम चालू आहे. दवाखान्यात वापरता येईल असं अजून हाती आलेलं नाही. तोवर डॉक्टरांना न विचारता सिप्रो घेऊ नका आणि दिलेला कोर्स मध्येच सोडू नका, हे मी आत्यालाही सांगितलं आणि तुम्हालाही कळकळीने सांगते.

२०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना डीएनए दुरुस्तीसाठी मिळालं. त्याच वर्षी वैद्यकीय संशोधनातला अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार विटकिनबाई आणि स्टीफन एलेज यांना मिळाला. एलेज यांनी माणसासारख्या सजीवांच्या पेशीत अशीच सूचना-साखळी कशी चालते ते उलगडलं. बीआरसीए१ हे स्तनाच्या कर्करोगामुळे सर्वांना माहीत झालेलं जनुक त्याच साखळीतलं. बाईंचं वय तेव्हा ९४ होतं.

आपल्याकडेही हे काम होतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या प्रचंड किरणोत्सार पचवणाऱ्या जिवाणूवर कित्येक वर्षं उत्तम संशोधन चालू आहे. हुशार मुलींची वाण नाही. माझ्या पुण्याच्या वर्गात मुलीच जास्त होत्या, आणि त्यांतल्या किती जणी आज संशोधनात आहेत हे विचारलं की उत्तर द्यायला जड जातं. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना होती, ती खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणायची. चांगली योजना होती, तिने अनेकींना हात दिला. पण विटकिनबाईंना परत यावं लागलं नाही, कारण त्यांना जावंच लागलं नाही. मूल लहान असताना निम्मा वेळ काम, निम्मा पगार, आणि टेबल, फ्रीझर, विद्यार्थी तसेच. आपल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी हे लेखी नियमात घालावं, कुणा एका भल्या संचालकाच्या मर्जीवर सोडू नये. हा लेख वाचणाऱ्यांत कुणी विभागप्रमुख असतील, कुणी नेमणुकांच्या समितीवर असतील. पुढच्या बैठकीत हा विषय तुम्ही मांडाल का?