भिंतीवरून वगळलेलं नाव

खरं सांगायचं तर युद्धस्मारकं मला फारशी भिडत नाहीत. भव्य दगड, भव्य शब्द, की मी फोटो काढून मोकळा. पहिल्या महायुद्धाची रणभूमी असलेल्या, बेल्जियममधल्या ईपर गावाला गेलो तोही वाटेत होतं म्हणून.

दुपारी गावाजवळची टाइन कॉटची सैनिकी दफनभूमी पाहिली. जवळपास 12 हजार थडगी, त्यातली 8,300 हून अधिक बिननावाची. अशा दगडांवर 'देवालाच ठाऊक' या अर्थाची ओळ कोरलेली असते. ती सुचवली 'जंगल बुक'वाल्या किपलिंगनं. त्याचा स्वतःचा मुलगा 1915 मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. हे आठवल्यावर पुढचे दगड भराभर ओलांडता येईनात.

संध्याकाळी मेनिन गेट. नावाला गेट, प्रत्यक्षात गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावरची प्रचंड कमान. आत, जिन्यांच्या कडेला, वर पार छतापर्यंत नावंच नावं. पहिल्या महायुद्धात इथं लढताना मेलेल्या आणि देहाचा पत्ता न लागलेल्या, ब्रिटिश साम्राज्याच्या 54 हजारांहून अधिक सैनिकांची. एवढी भिंतही पुरली नाही. ऑगस्ट 1917 च्या मध्यानंतरचे बेपत्ता, जवळपास 35 हजार, टाइन कॉटच्या भिंतीवर गेले. म्हणजे दुपारी मी थडग्यांकडे बघत होतो, तेव्हा ती नावं माझ्या पाठीमागे होती!

पलटणीनुसार नावं वाचत गेलो. भारतीय पलटणींपाशी पोचलो आणि रोमन लिपीतले सिंग, खान दिसले. का कोण जाणे, मी ती पुटपुटत वाचू लागलो.

शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं, की आजही नांगरटीत, पाया खोदताना सांगाडे सापडतात. ओळख पटली तर त्या सैनिकाला स्वतःचं थडगं मिळतं आणि त्याचं नाव या भिंतीवरून वगळतात. ज्या भिंतीवरून नाव जाणं हीच घरच्यांसाठी चांगली बातमी, अशी दुसरी भिंत मी पाहिलेली नाही.

आठ वाजता वाहतूक थांबली. 1928 पासून इथं रोज संध्याकाळी 'लास्ट पोस्ट', म्हणजे मृत सैनिकांना मानवंदना देणारी बिगुलाची धून, वाजते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याची वर्षं तेवढी वगळायची. वाजवणारे गावच्या अग्निशमन दलातले. कमानीत तो सूर घुमला तेव्हा समोरच्या शाळकरी पोरांची चुळबुळ थांबली. माझा फोन खिशातच राहिला.

मग बिगुलवाले निघून गेले, अडवलेला रस्ता मोकळा झाला आणि कमानीखालून पहिली गाडी गेली.